काडतुसात शेवटचे कोण डोकावले? (दीर्घ धागा)

१/ शस्त्रांच्या इतिहासावरील लोकप्रिय लेखनात एक समजूत वारंवार भेटते. बंदूक बदलली म्हणून युद्ध बदलले, काडतूस बंदुकीमागून आपोआप चालत आले, आणि यंत्रे आल्यावर काडतुसे भरणारा हात इतिहासातून निघून गेला. मिनिए, एनफिल्ड, स्पेन्सर, गॅटलिंग, मॅक्झिम अशी नावांची माळ ओवली की हा इतिहास पुरा झाला असे मानले जाते. मांडणी सोयीची आहे. ती चुकीचीही आहे, आणि तिची चूक एका अगदी किरकोळ वाटणाऱ्या उपकरणापाशी उघडी पडते.

२/ त्या उपकरणाचे नाव बुलेट फीडर. अमेरिकेत नेमबाजीचा छंद असलेले अनेक लोक झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या जपून ठेवतात आणि घरच्या बाकावर बसवलेल्या प्रेसवर त्या पुन्हा भरतात. बुलेट फीडर हा त्या प्रेसच्या डोक्यावर बसणारा, बहुधा विजेच्या मोटरवर फिरणारा वाडगा. त्यात गोळ्या ओतायच्या. तो त्या सरळ करून एकेक खाली सोडतो. कोणता घ्यावा, घ्यावा की नाही, यावर त्या छंदिष्टांत अखंड वाद चालतो. तो वाद तासाला किती काडतुसे होतात या एका प्रश्नाभोवती फिरतो. खरा प्रश्न दीडशे वर्षांहून जुना आहे आणि त्याचा वेगाशी संबंध दुय्यम आहे.

३/ पुढे जाण्याआधी शब्दांचा एक घोळ मिटवला पाहिजे. मराठीत आपण सगळ्यालाच ‘गोळी’ म्हणतो. बंदुकीत भरतो ती गोळी, शरीरात शिरते ती गोळी, आणि जमिनीवर सापडते तीही, वर्तमानपत्रांच्या मते, पुष्कळदा गोळीच. वास्तविक काडतुसाचे चार भाग आहेत : पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारा प्रायमर, आत दारू, आणि तोंडाशी बसवलेली गोळी. काडतूस हा शब्दही पोर्तुगिजांकडून आलेला पाहुणा. या धाग्यात ‘गोळी’ म्हणजे केवळ तो शेवटचा, शिशाचा भाग.

४/ आता प्रेस. साध्या प्रेसवर एका वेळी एकच काम होते. आधी सगळ्या पुंगळ्यांचा आकार पूर्ववत करायचा, मग सगळ्यांत प्रायमर, मग दारू, मग गोळी. प्रोग्रेसिव्ह प्रेसवर पुंगळ्या एका गोल तबकडीवर उभ्या असतात आणि दांडा एकदा खाली ओढला की प्रत्येक स्थानकावर वेगळे काम एकाच वेळी होते. तबकडी एक घर सरकते. पुन्हा दांडा. प्रत्येक ओढीला एक पूर्ण काडतूस बाहेर पडते. सॅन डिएगोच्या स्टार मशीन वर्क्सने अशी प्रेस १९३० च्या दशकातच बाजारात आणली होती. पुढे अ‍ॅरिझोनातील डिलन कंपनीच्या प्रेसांनी ती सामान्य छंदिष्टाच्या बाकापर्यंत पोहोचवली.

५/ अशा प्रेसवर पुंगळ्या आपोआप सोडणारे यंत्र बसवले, दारूचे माप आपोआप पडू लागले, प्रायमर आपोआप सरकू लागले, की हाताचे काम किती उरते? उजव्या हाताला दांडा. डाव्या हाताला एकच काम : वाडग्यातून गोळी उचलायची आणि दारू भरलेल्या पुंगळीच्या किंचित पसरट केलेल्या तोंडावर ठेवायची. बुलेट फीडर हे शेवटचे काम काढून घेतो. म्हणजे काडतूस भरण्याच्या साऱ्या प्रक्रियेत जो हात सर्वांत शेवटी उरला होता, तो येथे रजा घेतो.

६/ तो हात शेवटपर्यंत का उरला, हा खरा इतिहासाचा प्रश्न. त्यासाठी कागदी काडतुसांच्या काळात जावे लागते.

७/ १८६० च्या दशकात अमेरिकी यादवी युद्धात सैनिकाच्या कमरपेटीत कागदी काडतूस असे. लाकडाच्या गोल काठीभोवती कागद गुंडाळायचा, टोकाशी गोळी बसवायची, तिच्याभोवती कागदाचा गळा दोऱ्याने आवळायचा, काठी काढून मोजलेली दारू ओतायची, शेपटी दुमडायची. दहा काडतुसांचे एक पुडके, आणि त्यातच बाराची एक पुरचुंडी ठिणगी-टोप्यांची. दोन टोप्या जादा, कारण घाईत त्या बोटांतून निसटतात. हे बारीक शहाणपण ज्यांना सुचले त्यांना काडतुसे भरणाऱ्या बोटांविषयी मात्र फारसे काही सुचले नाही.

८/ ही बोटे बहुतांशी मुलींची होती. पिट्सबर्गजवळच्या अ‍ॅलेगेनी आर्सेनलमध्ये आधी मुलगे कामाला होते. त्यांच्यापाशी काड्या सापडू लागल्या, म्हणून त्यांना काढून मुली घेतल्या गेल्या. त्यांची बोटे चपळ आणि मजुरी पुरुषांहून कमी, ही कारणे त्या काळात कोणी लपवून ठेवली नाहीत. १७ सप्टेंबर १८६२ च्या दुपारी तेथील काडतूसशाळेत एकामागून एक स्फोट झाले. ७८ जण मेले, त्यांत बहुसंख्य तरुण स्त्रिया. अनेकींची ओळखही पटली नाही.

९/ त्याच दिवशी मेरिलँडमध्ये अँटिएटमची लढाई झाली. अमेरिकेच्या इतिहासातील सर्वांत रक्तरंजित दिवस म्हणून ती तारीख प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. एकाच दिवशी काडतुसे झाडणारेही मेले आणि भरणाऱ्याही मेल्या. शस्त्रेतिहासाच्या धाग्यांत पहिल्यांची नोंद सापडते, तिच्याखाली रेजिमेंटनिहाय नकाशेही सापडतात. दुसऱ्यांसाठी स्वतंत्रपणे शोध घ्यावा लागतो. याला योगायोग म्हणता येत नाही. ज्या मांडणीत काडतूस हे बंदुकीचे शेपूट आहे, तिच्यात शेपूट भरणारीला जागाच नसते.

१०/ स्फोटाचे कारण निर्विवाद ठरले नाही. सर्वाधिक मानली गेलेली शक्यता अशी : आवारातील रस्त्यावर नवा दगड घातला होता, पिंपांतून सांडलेली दारू त्यावर पसरली होती, आणि गाडीच्या लोखंडी धावेखाली वा घोड्याच्या नालेखाली ठिणगी पडली. मृत्यूची चौकशी करणाऱ्या स्थानिक ज्युरीने आर्सेनलच्या अधिकाऱ्यांवर निष्काळजीपणाचा ठपका ठेवला. लष्कराच्या स्वतःच्या चौकशीने त्यांना मोकळे केले. दारू सांडते हे रोज ती हाताळणाऱ्या मुलींना दिसत होते. पण त्यांनी काय पाहिले हे विचारण्याची रीत त्या व्यवस्थेत नव्हती.

११/ सहा महिन्यांनी, १३ मार्च १८६३ रोजी, दुसऱ्या बाजूच्या राजधानीत हेच घडले. रिचमंडमध्ये जेम्स नदीतील ब्राउन्स बेटावर दक्षिणेची दारूगोळा प्रयोगशाळा होती. मेरी रायन नावाच्या १८ वर्षांच्या मुलीच्या हातातील फ्रिक्शन प्रायमर लाकडी पाटीत अडकला. तो सोडवण्यासाठी तिने पाटी टेबलावर आपटली. मरणाआधी तिनेच हे सांगितले. चाळीसहून अधिक बळी गेले. त्यांत मुली आणि स्त्रियाच जवळजवळ सगळ्या, काही तर पंधरा वर्षांच्याही आतील. थोड्याच काळात नव्या मुली आल्या आणि काम पुन्हा सुरू झाले.

१२/ या घटनेविषयी एका वाक्यात ‘मेरी रायनच्या चुकीमुळे स्फोट’ असे लिहून टाकण्याची पद्धत आहे. ती पद्धत ऐतिहासिक नाही, ती पोलिसी आहे. ज्या खोलीत प्रायमर हाताळायचे त्याच खोलीत जुन्या काडतुसांची मोकळी दारू कशी होती, हा प्रश्न त्या एका वाक्याने झाकला जातो. अडकलेला प्रायमर मुलीच्या हातात होता. खोलीची मांडणी तिच्या हातात नव्हती.

१३/ तिसरी घटना या धाग्याच्या विषयाच्या थेट मर्मावर येते. वॉशिंग्टन आर्सेनल, १७ जून १८६४. शोभेच्या दारूकामाचे तारे बाहेर पात्रांत उन्हात वाळत ठेवले होते. ते पेटले आणि एक जळता तुकडा खिडकीतून आत गेला. ज्या खोलीत तो पडला तिला ‘चोकिंग रूम’ म्हणत, म्हणजे काडतुसाचा गळा आवळण्याची खोली. गोळी आणि कागदी नळी जेथे एकमेकांना बांधली जात, नेमकी तीच जागा. २१ तरुणी मेल्या, पुष्कळशा आयरिश स्थलांतरित घरांतील. त्यांच्या घेरदार झग्यांनी पेट घेतला आणि पळायला वाव राहिला नाही.

१४/ अंत्ययात्रेत अध्यक्ष लिंकन आणि युद्धमंत्री स्टँटन स्वतः होते. काँग्रेशनल सेमेटरीत त्या मुलींचे स्मारक आजही उभे आहे. चौकशीत तारे उन्हात ठेवणाऱ्या पर्यवेक्षकावर दोष आला. येथेही दोष ठेवण्याची घाई समजण्यासारखी होती, कारण एक माणूस सापडला की खोलीची रचना, बाकांची गर्दी, उघडी खिडकी यांना कोणी प्रश्न विचारत नाही.

१५/ काडतुसात कोण डोकावते, या प्रश्नाचा एक धागा आपल्याकडेही येतो, आणि तोही पाठ्यपुस्तकाने अर्धाच दिलेला आहे. १८५७ ची काडतुसे. चरबीची ‘अफवा’ पसरली, शिपाई बिथरले, बंड झाले, असा क्रम शाळेत पाठ होतो. ती बातमी आली कोठून? सरकारी कागदपत्रांत नोंदलेली हकीकत अशी आहे की जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळ डमडम येथे दारूखान्यातील एका खलाशाने ब्राह्मण शिपायाकडे त्याच्या लोट्यातून पाणी मागितले. शिपायाने जातीचे कारण सांगून नकार दिला. तेव्हा तो म्हणाला, थांबा, लवकरच गाईची नि डुकराची चरबी लावलेली काडतुसे दातांनी तोडाल, मग जात कोठे राहील?

१६/ हा प्रसंग सांगताना बहुतेकांचे लक्ष जातीच्या उपहासावर थांबते. तो उपहास महत्त्वाचा आहेच. पण बोलणारा कोण होता? दारूगोळ्याच्या जागी राबणारा मजूर. काडतुसात काय जाते, याविषयी बोलण्याचा अधिकार त्या आवारात कोणापाशी असेल तर त्याच्यापाशी. उलट अधिकाऱ्यांची अवस्था पाहा. चरबी कोणत्या प्राण्याची, हे खात्रीने सांगण्याची वेळ आली तेव्हा त्यांना सांगता येईना. पुरवठा घेताना ती कोणत्या जनावराची असावी वा नसावी, याची खबरदारीच घेतली गेली नव्हती. ज्याने पाहिले त्याच्या शब्दाला ‘अफवा’ हे नाव मिळाले, आणि ज्यांनी पाहिलेच नव्हते त्यांच्या शब्दाला ‘खुलासा’.

१७/ पुढचा तपशील अधिक बोलका आहे. २४ एप्रिल १८५७ रोजी मेरठच्या कवायतीत ९० पैकी ८५ घोडेस्वारांनी जी काडतुसे घेण्याचे नाकारले, ती एनफिल्डची नवी काडतुसे नव्हतीच. नेहमीची जुनी होती. साम्राज्यवादी लेखकांनी हा तपशील शिपायांच्या अज्ञानाचा पुरावा म्हणून वापरला. तो वाचावा दुसऱ्या बाजूने. बंद पुडक्यात काय आहे हे भरणाऱ्याखेरीज कोणी पाहिलेले नाही, आणि भरणाऱ्याचे म्हणणे सरकारने खोटे ठरवले आहे, अशा स्थितीत कोणत्याच काडतुसावर विश्वास उरत नाही. ९ मे रोजी त्या स्वारांना बेड्या ठोकल्या गेल्या. १० मे रोजी काय झाले ते सांगण्याची गरज नाही.

१८/ धातूचे काडतूस आल्यावर हे सारे मिटले, असा दावा केला जातो. १८६६ च्या सुमारास दोन प्रायमर पुढे आले : अमेरिकी हायरम बर्डनचा आणि वुलिच येथील रॉयल लॅबोरेटरीच्या एडवर्ड बॉक्सरचा. इतिहासाची गंमत अशी की ब्रिटिश बॉक्सरचा प्रायमर अमेरिकेत रुजला आणि अमेरिकी बर्डनचा युरोपात. बॉक्सरच्या रचनेत पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच छिद्र असल्याने जुना प्रायमर आतून सळईने ढकलून सहज काढता येतो. अमेरिकेत घरच्या घरी काडतुसे भरण्याचा छंद फोफावला त्यामागे हे एक छिद्र आहे.

१९/ त्याच दशकानंतर गवताळ प्रदेशात गव्यांच्या कळपांचा संहार करणारे शिकारी शेकोटीजवळ बसून शार्प्स रायफलच्या पुंगळ्या भरत. १८८४ मध्ये जॉन बार्लो यांनी कनेक्टिकटमध्ये आयडियल कंपनी काढली आणि सांडशीसारखे हातात मावणारे अवजार विकायला सुरुवात केली. १९२५ मध्ये ती कंपनी लायमनकडे गेली. येथे एक मोठा फरक घडला, ज्याकडे लक्ष दिले जात नाही. आर्सेनलमध्ये भरणारी एक, तपासणारा दुसरा आणि झाडणारा तिसरा होता. बाकावरच्या छंदिष्टात हे तिघे एकाच माणसात आले. चुकीची किंमत आता दुसऱ्याच्या मुलीला द्यावी लागत नव्हती. ती स्वतःच्या बोटांनी आणि डोळ्यांनी द्यावी लागणार होती.

२०/ म्हणून बुलेट फीडरचा प्रश्न गंभीर आहे. गोळी ठेवणारा हात पुंगळीच्या तोंडापाशी जातो तेव्हा त्याच्यामागून नजरही जाते. दारू आहे का, दुप्पट तर पडली नाही ना, हे त्या अर्ध्या क्षणात दिसते. दारू पडलीच नसेल तर केवळ प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यावर अडकते आणि मागून आलेला पुढचा बार नळी फोडतो. दुप्पट पडली असेल तर पहिलाच बार पुरेसा आहे. .३८ स्पेशलसारखी जुनी पुंगळी लांब आहे. आजच्या दारूचे माप तिच्या तळाशीच राहते, आणि दुप्पट माप टाकले तरी ती ओसंडत नाही. ती चूक स्वतःहून बाहेर सांडून दिसत नाही. कोणीतरी आत पाहावे लागते.

२१/ तंत्रज्ञानाच्या इतिहासात या प्रकाराकडे वारंवार दुर्लक्ष होते. यंत्राने हाताचे एक काम काढून घेतले असे आपण लिहितो, पण हात एका वेळी एकच काम करत असतो हे गृहीत कोणी तपासलेले नसते. ठेवणे हे काम दिसते, म्हणून त्याचे यंत्र होते. पाहणे हे काम कोणत्याही हिशेबात लिहिलेले नसते, म्हणून ते यंत्राबरोबर निमूटपणे नाहीसे होते. चोकिंग रूममधील मुलीला काय दिसत होते याची नोंद नाही, त्याचे कारण तिला पाहण्याबद्दल मजुरी मिळत नव्हती.

२२/ आता प्रत्यक्ष निवडीकडे. बहुतेक फीडरांचे तत्त्व एकच. फिरत्या तबकडीच्या कडेला गोळ्या रांगेत येतात. बूड खाली असलेली सरळ पुढे जाते, टोक खाली असलेली एका उंचवट्याशी येऊन उलटते. मग सगळ्या स्प्रिंगसारख्या नळीतून खाली उतरतात, आणि वर येणाऱ्या पुंगळीने ढकलल्यावर तळाचा झेला एकच गोळी सोडतो. वंगण लावलेल्या ओतीव शिशाच्या गोळ्या येथे चिकटतात. तांब्याचे कवच वा कडक लेप असलेल्या सुरळीत जातात. प्रत्येक व्यासाला वेगळे भाग लागतात. हे सगळे जाहिरातींत सांगितलेले असते, आणि वेगाचे आकडे तर ठळक अक्षरांत.

२३/ जाहिरातीत जे मागे राहते ते स्थानकांचे गणित. पाच स्थानकांच्या प्रेसवर क्रम साधारण असा : पहिल्यावर आकार आणि प्रायमर, दुसऱ्यावर दारू, तिसऱ्यावर दारूची उंची तपासणारी सळई, चौथ्यावर गोळी दाबणे, पाचव्यावर तोंड आवळणे. बुलेट फीडरला स्वतःचे स्थानक हवे. ते कोठून येणार? अनेकजण तिसऱ्यावरची तपासणी काढतात आणि तेथे फीडर बसवतात. म्हणजे हात गेला, त्याच्याबरोबर नजर गेली, आणि नजरेच्या जागी जी सळई आली होती तीही गेली. मग दारू पडल्यापासून गोळी बसेपर्यंत पुंगळीत कोणीच डोकावत नाही. एका सुधारणेसाठी दिलेली ही किंमत ‘वेग’ या शब्दाखाली दडते.

२४/ याउलट हाताने भरणाऱ्यांचा एक अभिमानी पंथ आहे. हात म्हणजे काळजी, यंत्र म्हणजे बेफिकिरी, असे त्याचे मत. हे मतही इतिहासापुढे टिकत नाही. अ‍ॅलेगेनीत हातच होते. रिचमंडमध्येही हातच होते. तीन तास तेच काम करणारा हात पाहणे थांबवतो, आणि मग तो फीडरच होतो, फक्त मांसाचा. हाताचे गोडवे गाणाऱ्यांनी हाताला दमायला किती वेळ लागतो हेही सांगावे.

२५/ तेव्हा फीडर निवडताना पहिला निकष हा : तो दारूची तपासणी हाकलून लावतो की नाही. पाच स्थानकांवर मार्ग आहे. गोळी दाबणे आणि तोंड आवळणे एकाच डायमध्ये करावे, तिसरे तपासणीला ठेवावे, चौथे फीडरला द्यावे. त्या एकत्र डायची जुळणी किचकट असते, मऊ शिशाच्या गोळीची साल निघू शकते. ती किंमत मान्य करण्यासारखी आहे. तपासणीच्या उपकरणांतही भेद आहे. एक सळई केवळ वरखाली होते आणि तिच्याकडे माणसाने पाहावे लागते. दुसरी चूक होताच वाजते. तिसरी प्रेसच अडवते. फीडर बसवून नजर मोकळी केल्यावर पहिली निरुपयोगी ठरते, कारण तिला हवी असलेली नजर दांड्याच्या लयीत हरवलेली असते. अडवणारी उत्तम, वाजणारी चालेल.

२६/ तबकडी धातूची की प्लास्टिकची, मोटरचा आवाज किती, आकार बदलायला किती मिनिटे, हे सगळे यानंतर. या बाबींवर पानेच्या पाने लिहिली जातात आणि स्थानकांच्या गणितावर एक ओळ. प्राधान्यक्रम कसा उलटा लागला आहे याचा यापेक्षा वेगळा पुरावा नको.

२७/ महाराष्ट्रातील वाचकासाठी हा खरेदीचा प्रश्न नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याविना दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे, आणि त्या कायद्याची मुळे लॉर्ड लिटनच्या १८७८ च्या कायद्यापर्यंत जातात. पण इतिहासाचा प्रश्न म्हणून तो आपल्या अंगणातला आहे. पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना १८६९ मध्ये सुरू झाला. पेशवाईच्या अंतापासून पानशेतच्या पुरापर्यंत पुण्याच्या इतिहासावर धाग्यांची कमतरता नाही. खडकीत पिढ्यान्‌पिढ्या काडतुसे भरणाऱ्या आणि तपासणाऱ्या हातांवर असा धागा शोधून पाहावा. कोणत्या बाकावर कोण बसे, कोणाची नजर कोठे असे, पाळी किती तासांची, हे सांगू शकणारी माणसे या शहरात आजही राहतात.

२८/ जाता जाता एका नावाविषयी. फिलाडेल्फियाचे फ्रँकफर्ड आर्सेनल १८१६ मध्ये सुरू झाले आणि पुढे अमेरिकी सैन्याला काडतुसे पुरवत राहिले. ते १९७७ मध्ये बंद झाले. आज त्याच नावाने घरगुती रिलोडिंगची साधने विकली जातात. आर्सेनलशी त्यांचा नावापलीकडे संबंध नाही. त्या नावाची एक प्रोग्रेसिव्ह प्रेस आहे. तिला दहा स्थानके आहेत. दारू तपासणारी सळई आणि गोळ्या सोडणारी नळी, दोघींनाही तेथे जागा मिळते.